शेणाने सारवलेला प्लायवूडचा तक्ता

जगदेवीबाई गेल्याचा फोन नांदेडच्या दवाखान्यातून आला, तेव्हा त्यांचे पती किशनराव लातूरच्या घरी बोळीत उभे होते. पलीकडून लेक आरती रडत होती. त्यांनी फोन खिशात ठेवला, दोन पावले चालले आणि समोरच्या नव्या, चकचकीत तक्त्यांना डोके टेकले. मी त्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होतो. मित्रांनो, त्या वेळीही माझ्या मनात पहिली गोष्ट हीच आली की हे माझ्याकडे का वळले नाहीत?

मी एक जुना प्लायवूडचा तक्ता आहे. कारखान्यात माझा ओंडका यंत्रावर गरगर फिरवून त्याचे पातळ पापुद्रे काढले. एक उभा, एक आडवा असे ते डिंकाने चिकटवून गरम यंत्रात दाबले. म्हणून मी सहज फुटत नाही. पण माझी कड उघडी राहिली आणि तिला पाणी लागले की माझे थर सुटतात.

भूकंप झाला त्या साली मी औसा तालुक्यात आलो. लोकांनी दगडमातीच्या भिंतींची धास्ती घेतली होती. किशनरावांनी पत्र्याच्या शेडात चूल आणि झोपायची जागा वेगळी करायला मला उभे केले. दिवाळी आली तशी जगदेवीबाईंनी शेणमाती कालवली आणि मला सारवायला घेतले.

"अगं, ते लाकूड हाय!" किशनराव ओरडले.

"भिंत म्हणून उभं केलंय ना? मग सणाला कोरडंच ठेवू का?"

"फुगंल ते."

"फुगू दे. तुमी बी फुगताच की सणाला."

माझ्या खालच्या कडेचे थर सुटले ते त्याच दिवशी. पण तोवर मला कोणी घरातले समजून हात लावला नव्हता. वरची माती पुढे झडून गेली. खाली मात्र, ती बसून सारवत होती तिथे, तिच्या चार बोटांचे अर्धगोल राहिले.

मग लातुरात शिकवण्या वाढल्या. चाकूर, कंधारहून मुली डॉक्टर व्हायला येऊ लागल्या. किशनरावांनी शिकवणीच्या गल्लीत घर घेतले आणि मुलींसाठी भाड्याच्या खोल्या करायला नवे तक्ते आणले. तेही माझ्यासारखेच थराथरांचे, पण त्यांना वरून गुळगुळीत सनमायका आणि कडेला पट्टी. मला बोळीत भिंतीला टेकवून ठेवले.

जगदेवीबाई रोज सकाळी त्या नव्या तक्त्यांना ओल्या फडक्याने पुसत. मुली त्यांवर सूत्रांचे कागद चिकटवत आणि "मावशी, हा कागद काढू नका हं" असे सांगत. पाणी लागूनही त्यांना काही होत नव्हते. मी जळत होतो. तिने एकदा तरी माझ्याकडे यावे असे वाटायचे. पण सुतार बजरंगने तिला बजावले होते, "मामी, ह्याला पाणी म्हणजे वीख." तेव्हापासून ती मला हात लावत नव्हती. ते माझ्या भल्यासाठी होते हे मला कळत होते, तरी हेवा कमी होत नव्हता.

ती गेल्यावर एका मुलीची ओढणी माझ्या फाटक्या कडेला अडकली. किशनरावांनी बजरंगला बोलावले. त्याने मला आडवे केले आणि कड नखाने दाबून पाहिली.

"मामा, वरचा भाग टणक हाय. चांगलं कपाट होईल. खालून वीतभर कापावं लागंल. न्हाई कापलं तर पावसाळ्यात थर सुटत सुटत वर जातील, अन् सगळाच तक्ता जाईल."

किशनराव खाली बसले. चार बोटांच्या खुणा त्याच वीतभर भागात होत्या. त्यांनी तिथे हात ठेवला, पण त्यांची बोटे त्या अर्धगोलांत बसेनात. तिची बोटे बारीक होती.

"थांब जरा," ते म्हणाले.

"तुमचं 'थांब जरा' मी भूकंपापासून ऐकून राहिलो," बजरंग हसला. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि करवत पिशवीत घातली. "बरं. सांगा मग."

तेव्हापासून किशनराव संध्याकाळी माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसतात. नव्या तक्त्यांकडे ते पाहतही नाहीत. मला वाटले होते, असे झाले की मी सुखी होईन. पण मला अजून त्या तक्त्यांचा हेवा वाटतो. कापल्याने त्यांचे काही जाणार नाही, आणि त्यांच्यापायी कोणी माणूस असा अडून बसणार नाही.

मित्रांनो, घरात प्लायवूड आणाल तर त्याच्या कडेला आधीच पट्टी लावा आणि त्याला ओल्या फरशीवर उभे करू नका. आणि ज्याच्या अंगावर आपल्या माणसाचा हात फिरला असेल, त्याची दुरुस्ती फार लांबवू नका. पुढे ती अवघड होते.

पावसाळा जवळ आला आहे. बजरंगने दोनदा निरोप पाठवला. माझी खालची कड अजून कापलेली नाही.