सुई कधीपासून?

पुलाखाली त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण कधीकाळी तो शिंपी होता. अंगातला शर्ट कचऱ्यातून उचललेला, पण तुटलेली बटणं मात्र त्याने स्वतः लावून घेतली होती. उन्हाचा तडाखा असूनही बाह्या मनगटापर्यंत बंद. नशेची पावडर नुसती ओढतो, टोचून घेत नाही, असं या शहाण्याने थोरल्या बहिणीला, ताईला, सांगून ठेवलं होतं ना.

ताईने दोन वर्षं पायपीट करून त्याला हुडकलं आणि आज व्यसनमुक्ती केंद्रात आणलं. तिथे एकच खाट रिकामी होती. सकाळपासून पावडर न मिळाल्याने त्याचं नाक गळत होतं.

नर्सबाईंनी फॉर्म पुढे ओढला. "सुई कधीपासून?"

"बाराव्या वर्षापासून," तो चटकन म्हणाला. "वडिलांनीच हातात दिली."

नर्सबाईंचं पेन थांबलं. ताईला हसू फुटलं. "अहो, शिवणकाम सांगतोय तो. बाबा शिंपी होते आमचे."

नर्सबाईही हसल्या. "मी दुसरी विचारतेय. खरं सांगा हं, चुकीचं औषध दिलं तर जिवावर बेतेल."

"ती नाही घेत तो," ताई म्हणाली.

किती खात्रीने म्हणाली बिचारी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याने बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सरकवली.

"चार वर्षं," तो म्हणाला.

चार वर्षांपूर्वी तो ताईकडेच राहत होता. एकदा मोरीत सिरिंज सापडली, तेव्हा ताईने सासूबाईंना फैलावर घेतलं. त्या मधुमेहाच्या, रोज इन्सुलिन घ्यायच्या. म्हातारी शपथा घेऊन सांगत होती, ही माझी नव्हे. शेवटी घरात ठरलं की यांना आता काही आठवत नाही, आणि त्यांची औषधं कुलपात गेली. हा तिथेच जेवत बसला होता. वर म्हणाला होता, "वय झालं त्यांचं."

"म्हणजे सासूबाई खरं बोलत होत्या," ताई म्हणाली.

त्याला वर बघवेना.

ताईने फॉर्मवर सही केली, पर्स उचलली. दाराशी थांबून म्हणाली, "त्या अजून विचारतात, ती सुई कोणाची होती. बरा झालास की तूच येऊन सांग."