भिंतीवर लिहिलेला हिवाळा

मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. सिनेमाच्या प्रोजेक्टरशी माझी गल्लत करू नका, मित्रांनो. त्याचा थाट वेगळा. मी शाळेच्या वर्गातला. खाली पेटी, पेटीत दिवा, वर काच आणि एका दांड्यावर मान वाकवून बसलेला आरसा, एवढेच माझे शरीर. काचेवरून गुंडाळत पुढे सरकणाऱ्या लांब पारदर्शक पट्टीवर कोणी लिहिले की ते अक्षर समोरच्या भिंतीवर हातभर मोठे होऊन उमटते. लिहिणाऱ्याच्या हाताची सावलीही सोबत उमटते. पुढे याच सावलीने मोठा घोळ घातला.

एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि खोक्यात बसून मी फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आलो. तिथल्या शाळेत मी चोवीस वर्षे नोकरी केली. भूगोलाचे मास्तर माझ्या काचेवर तळी काढत. तळी काढता काढता तास संपे, तळी संपत नसत. मास्तर वर्गाबाहेर गेले की मुले माझ्या उजेडात हात धरून सशाचे कान करत. मास्तर रोज स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसत. दिवा बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत माझी तार काढायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती. तापलेला दिवा हळूहळू निववावा लागतो, नाहीतर तो फुटतो. मला तेव्हा वाटायचे, आपल्यावाचून या गावात कोणी शिकणारच नाही.

मग संगणक आले आणि माझी रवानगी तळघरात झाली. शेजारी पेंढा भरलेले एक घुबड होते. त्याच्या संगतीत मी चौदा वर्षे काढली. तिथे मला कशाचे वाईट वाटले सांगू? मला कोणी मोडका म्हटले नाही, जुनाट म्हटले नाही, शिवीसुद्धा दिली नाही. शिवी द्यायलाही आधी बघावे लागते.

शाळा बंद पडली तेव्हा सामान वाटताना मी गावच्या वाचनालयात आलो. पुन्हा तळघरच. पण एका नोव्हेंबरात ग्रंथपाल हेन्रीका खाली आली आणि माझ्यावरची धूळ फुंकून मला वर घेऊन गेली. वर खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. त्यांचे नाव इर्मेली. वय साठीला टेकलेले. वीस वर्षांपूर्वी त्यांची एक कादंबरी छापून आली होती, त्यानंतर एकही नाही. नवरा वारल्यापासून त्या घरी एकट्या होत्या आणि दुसरी कादंबरी लिहायला रोज वाचनालयात येत होत्या. म्हणजे यायच्या, पण वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वाचून घरी जायच्या.

"काल तर मी पडदे धुतले," त्या हेन्रीकाला म्हणाल्या. "परवाही तेच पडदे धुतले होते. घरी मला बघायला कोणी नाही गं. कोणी बघत नसलं की माझ्याच्यानं काही होत नाही."

"मग बघायला माणसं आणू या," हेन्रीका म्हणाली आणि माझी तार भिंतीत खोचली.

योजना अशी होती. रस्त्यापलीकडे मिठाच्या जुन्या गोदामाची पांढरी भिंत. हिवाळ्यात आमच्याकडे दुपारी तीनलाच अंधार पडतो. इर्मेलीबाईंनी तीन ते सहा माझ्या काचेवर कादंबरी लिहायची आणि ती लिहिता लिहिताच भिंतीवर गावाला दिसायची. खिडकीखालीच बसचा थांबा होता, तेव्हा वाचकांची वाण नव्हती. खोडायचे झाले तर फक्त काट मारायची, पुसायचे नाही. आणि मधेच उठायचे नाही, कारण रिकामी उजळलेली भिंत सगळ्या गावाला दिसणार.

"ही माझी शेवटची," त्या म्हणाल्या. "ही झाली नाही ना हेन्रीका, तर मी कधीकाळी लेखिका होते, एवढंच माझं उरेल."

पहिल्या दिवशी त्यांनी पहिल्याच ओळीवर तीनदा काट मारली. भिंतीवर त्यांच्या हाताची सावली झाडाची फांदी हलावी तशी हलत होती. पण त्या उठल्या नाहीत. तीन तासांत पट्टीवर दोन पाने झाली. बर्फात अडकलेली एक लहान होडी, होडीत पाच माणसे आणि एकमेकांशी कोणी बोलत नाही, अशी गोष्ट होती. नाताळपर्यंत साठ पाने झाली. मी तापून लाल व्हायचो, पंखा धापा टाकायचा, पण मित्रांनो, इतका आनंद मला भूगोलाच्या तासालाही झाला नव्हता.

मग बाई उदास होऊ लागल्या. कारण सांगतो. त्या मान वर करून खिडकीतून बघायच्या तेव्हा थांब्यावरची सगळी माणसे पाठमोरी, माना खाली, नजर आपापल्या बुटांवर. रोज तेच. एकही चेहरा भिंतीकडे नाही.

खरी गोष्ट मला माहीत होती. बाईंचा हात भिंतीवर हलत असे तोवर सगळ्या माना वर असायच्या. सावली बाजूला झाली, म्हणजे बाई लिहायच्या थांबल्या आणि आता इकडे बघणार, हे ओळखून सगळ्या माना एकदम खाली जायच्या. आमच्या गावात कोणी काम करत असेल तर त्याच्याकडे टक लावून बघणे वाईट समजतात. वाचताना पकडले जाणे त्याहून वाईट. तीन तीन बस येऊन जायच्या आणि थांब्यावरची गर्दी तेवढीच राहायची. मला हे सगळे दिसत होते. मला उजेड पाडता येत होता, पण तोंड नव्हते. माझ्यासमोर एक माणूस उगाचच एकाकी होत चालले होते आणि मी नुसता घरघर करत होतो.

फेब्रुवारी उजाडला. बाईंना राहवले नाही. गोष्ट मधेच तोडून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, "कोणी वाचत आहे का? वाचत असाल तर हात वर करा."

आणि हात बाजूला घेऊन त्यांनी बाहेर पाहिले.

थांब्यावर अकरा माणसे होती. अकरा माना केव्हाच खाली गेल्या होत्या. एकाने हातमोजे नीट केले. एक बाई पिशवीत काहीतरी शोधू लागली. हात एकही वर झाला नाही. इर्मेलीबाई उठल्या. मग त्यांनी माझी तार खसकन ओढली. पंखा मधेच थांबला, दिवा आत तापलेलाच राहिला. मला राग आला नाही. त्यांचा हात किती गार पडला होता ते मला कळले होते.

नऊ दिवस त्या आल्या नाहीत. थांब्यावर माणसे मात्र येत होती, अंधारलेल्या भिंतीसमोर उभी राहत होती आणि बस चुकवत होती.

दहाव्या दिवशी ओइवा आजोबा टोपी हातात घेऊन आत आले. चाळीस वर्षे त्यांनी बेटांवर होडी नेली-आणली होती. वाचनालयात ते पहिल्यांदाच येत होते.

"ती बाई कुठं आहे?" त्यांनी हेन्रीकाला विचारले.

"घरी. फोन उचलत नाही. का हो?"

"का म्हणजे? पाच माणसं बर्फात बसवून ठेवलीत तिनं. नऊ दिवस झाले. त्यांच्याकडं खायला फक्त अर्धी भाकरी आहे!"

हेन्रीकाने चष्मा काढला. "तुम्ही वाचत होता?"

"मग काय भिंतीचा चुना बघत होतो?"

"अहो, मग तिनं विचारलं तेव्हा हात का नाही वर केला?"

"भर रस्त्यात?" आजोबा खरोखर दचकले. "हात? माझ्या अंगात आलंय काय? आणि बिचारी लिहितेय, तिला कशाला मधेच त्रास द्यायचा?"

"आजोबा, ती रडत गेली."

आजोबा टोपी गोल फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिचं घर कुठलं ते सांग."

आजोबा बाईंच्या घरी काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी बाई आल्या, मागून आजोबाही. बाईंचा अजून विश्वास बसला नव्हता. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय," त्या म्हणाल्या.

"बरं वाटावं म्हणून?" आजोबा चिडले. "हे बघ बाई, बाविसाव्या पानावर तुझा नावाडी वल्ह्यानं बर्फ फोडतो. वल्हं मोडेल! लोखंडी पहार लागते. नाताळच्या आधीपासून ते माझ्या घशात अडकलंय. तीनदा तुला सांगायला दारापर्यंत आलो आणि परत गेलो."

बाई हसायला लागल्या, मग त्यांचे डोळे भरले. त्यांनी पट्टी मागे फिरवली, बाविसावे पान आणले आणि वल्ह्यावर काट मारून पहार लिहिली. बाहेर थांब्यावर कोणीतरी मान डोलावली. मी पाहिले.

पण एव्हाना उशीर झाला होता. सगळे गाव हिवाळाभर उजेडाची वाट बघते, मी एकटा त्याला भीत होतो. दिवस रोज लांबत होता आणि भिंतीवरची अक्षरे रोज फिकी होत होती. त्यातच मार्चअखेर, दरवर्षीच्या उन्हाळी वेळेप्रमाणे, सगळ्या देशाची घड्याळे तासभर पुढे सरकली. आता सहापर्यंत लख्ख ऊन. माणसे रस्ता ओलांडून भिंतीजवळ गेली. मग आणखी जवळ, इतकी की नाक चुन्याला लागेल. माझा दिवा जिवाच्या आकांताने जळत होता, पण सूर्यापुढे माझे काय चालणार? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भिंत साफ कोरी दिसू लागली. गोष्टीचे शेवटचे पान तेवढे राहिले होते.

बाईंनी बाहेर पाहिले. भिंतीपाशी कोणी नव्हते. थांब्यावरही कोणी नव्हते. त्यांनी पेनाला टोपण लावले.

तेवढ्यात दार उघडले. ओइवा आजोबा आत आले. त्यांच्यामागून हातमोजेवाला, पिशवीवाली, बंद पडलेल्या शाळेची जुनी स्वयंपाकीण, बसचा चालकसुद्धा. बाहेर बस रिकामी उभी होती. सगळे माझ्याभोवती उभे राहिले आणि काचेवर वाकले. इतके चेहरे इतक्या जवळून मी जन्मात पाहिले नव्हते. बाईंचा हात काही हलेना.

आजोबा खाकरले. "लिही, लिही," ते हळूच म्हणाले. "आम्ही बघत नाही."

आणि त्यांच्यापैकी एकानेही नजर काढली नाही.

बाईंनी शेवटचे वाक्य लिहिले. होडी किनाऱ्याला लागली.

पुढे पुस्तक छापून आले. मी पुन्हा तळघरात आहे, कारण छापील पुस्तकाला माझी गरज नसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे. मित्रांनो, कोणाचे लिहिणे, गाणे, रांधणे तुम्हाला आवडत असेल, तर मनातल्या मनात आवडून घेऊन निघून जाऊ नका. दार ढकला, आत जा आणि सांगा. चूक सांगा, हवे तर भांडा, पण सांगा. त्या हिवाळ्यात इर्मेलीबाईंना अकरा वाचक होते, रोज होते, आणि तरीही त्या रोज एकट्याच घरी गेल्या.