इंजनाचा खुराक

आकाराम वस्तादांनी इंजनाला तेल पाजून पाजून पार आडवं केलतं. आणि आपण काय वाईट करतोय असं त्यांच्या मनातसुद्धा न्हाय. पैलवान माणूस. आयुष्यभर तालमीतल्या पोरांना तूप, बदाम, थंडाई चारली. आता तालमीकडं होडी आली, तर तिचं इंजन उपाशी कसं ठेवायचं?

आधीचं सांगतो. २००५ च्या पुरात तालमीकडं होडी नव्हती. वस्तादांनी गुऱ्हाळातली काहील पाण्यात टाकली. काहील म्हणजे गूळ शिजवायची अवाढव्य कढई, सात-आठ माणसं बसतील एवढी. वस्तादांची बहीण बयाबाई नदीपलीकडच्या गावात, घराच्या पत्र्यावर दोन दिवस बसून. वस्ताद तीनदा निघाले. तीनदा काहील गिरगिर फिरली आणि त्यांना अलीकडच्याच उसात आणून टाकली. शेवटी बयाबाईला दुसऱ्यांनी आणलं.

पूर ओसरल्यावर एका कारखान्यानं तालमीला फायबरची होडी दिली. मागं अडकवायचं टू-स्ट्रोक इंजन, पंचवीस हॉर्सपॉवर. वस्तादांनी इंजनाच्या दांड्याला हात लावला तो लावलाच. दुसऱ्या कुणाला शिवू देईनात. पुढच्या पुरात बहिणीच्या दारात पहिली होडी त्यांची लागायला पायजे, बस.

पण होडी पाण्यात कमी आणि सत्कारात जास्त. कोण पाहुणा आला की तालमीसमोर पाण्याचं बॅरल, त्यात इंजन उभं, इंजनाला हार. वस्ताद दोरी ओढणार. इंजन दोन मिनटं हळू आवाजात फुरफुरणार, गल्लीभर धूर, टाळ्या, फोटो, इंजन बंद. आमचे अध्यक्ष अमरसिंह भाऊ माईकवर ओरडणार, "धूर बघा धूर! ही ताकद हाय ताकद!"

धूर निघणारच की. पन्नास लिटर पेट्रोलमध्ये एक लिटर तेल मिसळायचं, असा त्या इंजनाचा हिशोब. वस्ताद दहा लिटरला एक ओतत होते. पाहुणा मोठा असला तर वर अजून एक फुलपात्र.

मे महिन्यात होडी पहिल्यांदा माणसं भरून नदीत घातली. आठ जण बसले. धारेत गेल्यावर होडी जागच्या जागी उभी राहिली. मग हळूहळू मागं यायला लागली. घाटावर आमच्या समोरच्या तालमीतली पोरं बसलेली. त्यातला एक उठून ओरडला, "पावणं, रिव्हर्स लई भारी हाय की!"

दोन दिवसांत कारखान्याच्या साहेबांचा निरोप आला. पुढच्या रविवारी परत चाचणी. होडी पलीकडच्या काठाला लागली न्हाय, तर ती समोरच्या तालमीला.

त्याच दुपारी वस्ताद इंजन ढकलगाडीवर घालून माझ्या गॅरेजवर आले. शाहूपुरीत माझं एक शटर हाय. शिकलो कुठंच न्हाय. लुना आणि एम-एटी गाड्या खोलत गेलो, जोडून झाल्यावर किती नट उरले त्यावरनं चूक कळत गेली. होडीचं इंजन आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, पण टू-स्ट्रोक ते टू-स्ट्रोकच.

"श्रीशैल, ह्याला अशक्तपणा आलाय," वस्ताद म्हणाले. "तेल वाढवू का?"

"थांबा वस्ताद. आधी पोटात काय हाय बघू."

इंजनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. आत पिस्टन दिसेचना. म्हणजे होता, पण त्याच्यावर तव्याच्या बुडासारखा काळा थर, नखानं निघंना असा. धूर बाहेर जायची भोकं निम्मी बुजलेली. पिस्टनभोवतीच्या रिंगा स्प्रिंगसारख्या दबाय-सुटाय पायजेत, त्या खाचेत चिकटून दगड झालत्या. मग दाब धरणार कोण?

वस्ताद वाकून बघत होते. "हे काय?"

"तुमचा खुराक."

"म्हंजे?"

"जेवढं तेल जळतंय तेवढं जळतंय. उरलेलं हितं काजळी होऊन बसतंय. त्यात तुम्ही ह्याला कधी पळवलं न्हाय. पैलवानाला रोज दोन शेर तूप पाजलं आणि आखाड्यात उतरवलंच न्हाय, तर काय होईल?"

वस्ताद म्हणाले, "ढेरी सुटंल."

"सुटलीया."

ते खाली स्टुलावर बसले. दवाखान्याबाहेर बसतात तसे.

रिंगा नव्या लागणार होत्या. कोल्हापुरात मिळंनात. मालवणात मच्छीमारांच्या इंजनांचं एक दुकान हाय, तिथं फोन लावला. दुकानदारानं रिंगा आणि पॅकिंग कागदात गुंडाळून एस.टी.च्या ड्रायव्हरकडं दिलं. वस्ताद स्वतः स्टँडवर जाऊन दोन तास आधी उभे.

तोवर मी खरवडत बसलो. पिस्टन अल्युमिनियमचा, स्क्रूड्रायव्हर लावला की ओरखडा. म्हणून डिझेलमध्ये भिजत घातला आणि घासून धार केलेल्या बांबूच्या चिपाटीनं खरवडला. खाचेतली काजळी काढायला जुन्या रिंगेचाच तुटका तुकडा चालतो, बरोब्बर त्याच मापाचा. बुजलेली भोकंही तशीच हळूहळू मोकळी केली. वाटीभर काळं निघालं. वस्तादांनी ती वाटी हातात घेतली, वास घेतला.

"दहा महिने मीच घातलं हे," म्हणाले. "आणि पुरात ह्याच्यावर बसून बयाकडं जाणार होतो."

मी पाना मागितला.

रविवारी घाटावर सगळी गल्ली. कारखान्याचे साहेब खुर्चीत. टाकीत पेट्रोल मी घातलेलं, पन्नासाला एक, मापानं. वस्तादांनी दोरी ओढली. पहिल्या झटक्याला इंजन चालू. आवाज एकसारखा, बारीक. धूर जवळजवळ न्हाईच.

टाळी नेमकी कशाला वाजवायची हेच कुणाला कळंना.

समोरच्या तालमीतल्या पोरांतनं आवाज आला, "चालू करा की वस्ताद!"

"चालू हाय की रं!" मी ओरडलो.

अमरसिंह भाऊ पायरीवरनं धोतर सावरत पळत आले. होडीपाशी वाकून दातांतल्या दातांत म्हणाले, "वस्ताद, इज्जत जाईल. धूर न्हाय. तेल ओता!" त्यांनी तेलाचा डबा बरोबरच आणलाता.

वस्तादांचा हात डब्याकडं गेला. मी बघतोय. तो माणूस दहा महिने हेच करत आलाय आणि घाटावर तीनशे माणसं धुराची वाट बघत्यात. त्यांनी डबा घेतला, झाकण घट्ट केलं आणि भाऊंच्याच हातात परत दिला.

"भाऊ, तुम्ही बसा होडीत."

"मी कशाला?"

"वजन कमी पडतंय. बसा."

भाऊ डबा पोटाशी धरून बसले. आठ माणसं आणि नववे भाऊ. वस्तादांनी दांडा फिरवला. होडीचं नाक वर उठलं आणि ती धार कापत सरळ सुटली. भाऊ उडत्या पाण्यानं भिजले, त्यांची टोपी उडाली, कुणी थांबलं न्हाय. पलीकडच्या काठाला लागून, वळून, परत घाटाला. साहेब उठून उभे राहिले. समोरच्या तालमीतल्या पोरांनीच पहिली शिट्टी मारली.

होडी आमच्याकडंच राहिली.

संध्याकाळी तालमीत बैठक. भिजलेले भाऊ भाषणाला उभे. "आज जगानं बघितलं, आपल्या तालमीचा खुराक काय चीज हाय!" टाळ्या. ठराव दोन झाले. एक, इंजनाला दर महिन्याला पाच लिटर तेल तालमीतर्फे. दोन, एवढं मोलाचं इंजन नदीत घालून झिजवायचं न्हाय; पाहुणे आले की बॅरलमध्ये चालवायचं.

मी उठून बोलणार होतो. वस्तादांनी माझा दंड धरला. पैलवानाची पकड, बसलो गप्प.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "वस्ताद, बॅरलमध्ये फुरफुरवलं तर वर्षात परत काजळी. ह्याला आठवड्याला अर्धा तास जोरात पळवायलाच पायजे."

"व्हय की."

"मग ठरावाला व्हय कशाला म्हणालासा?"

"ठरावात निर्माल्याचं काय लिहिलंय का?"

मला आधी कळंना. पुढच्या रविवारी कळलं. वस्ताद जाळी घेऊन नदीतलं निर्माल्य गोळा करायला होडीनं निघाले. देवाचं काम, अडवणार कोण? झेंडूची एक माळ काढायची आणि पूर्ण जोर लावून पलीकडच्या काठापर्यंत जायचं, बयाबाईच्या हातचा चहा प्यायचा आणि त्याच जोरात परत. दर रविवारी. तेलाचं मी बघतो, मापानं.

गेल्या रविवारी भाऊ घाटावर भेटले. जाळीत चार फुलं आणि एक नारळ. भाऊ नदीकडं बघत म्हणाले, "वस्ताद, एवढ्या लांबपर्यंत निर्माल्य जातंय व्हय?"

"भक्ती लई वाढलीया, भाऊ," वस्ताद म्हणाले आणि दोरी ओढली.