पळपुट्या बकाराम

आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत दुपारी खडी गंमत, म्हणजे ढोलकीवरचा आमचा तमाशा, उभा राहिला, की लोकांना आधी बकाराम लागतो. दुसऱ्या गावांचे पूर्वज शूर होते म्हणे, आमचा हा असा. फौजेबरोबर किल्ला घ्यायला गेला, रात्री फौजेचेच बैल सुटले, आणि शत्रू आला समजून सगळे पळत सुटले.

*बैल सुटले खुंट्यावरून, फौज पळाली टेकडीवरून!*
*पागोटं राहिलं काट्यावरी, वीर पोचला बापाच्या दारी!*

गाण्यात बाप मी होतो आणि बकाराम ओमेश. शेवटी बाप काठी उगारून पोराला परत लढाईवर हाकलतो. त्यावर माणसं पोट धरून हसतात.

यंदा मला गायचंच नव्हतं. माझा भुपेंद्र फौजेत आहे, सीमेवर. तिकडे गोळीबार सुरू झाल्याचं मोबाईलवर पाहिलं, आणि तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. त्याची आई मंजू घरात फोन मांडीवर घेऊन बसली होती. घास तोंडात घालायला तयार नव्हती.

सरपंच दुर्गाप्रसादला सांगून पाहिलं.

"टावर गेला असन गा, बिसनभाऊ. लोकं गावोगावून येऊन राहिले. घरी बसून तू का करशीन?"

खरंच, मी काय करणार होतो? कमरेला शेला बांधला आणि उभा राहिलो.

गाणं रंगलं. हसणाऱ्या एकेकाचा मला राग येत होता. अरे, हा पळाला म्हणून तर तुम्ही जन्मलात! जे पुढे लढाईत पडले, त्यांचं नावसुद्धा गाण्यात नाही. एवढी वर्षं गातोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात ओमेश धापा टाकत समोर आला. डोकं उघडं, अंगभर माती. भुपेंद्रच्याच वयाचा पोरगा.

"बाबा, मी आलो!"

माझं वाक्य ठरलेलं होतं, 'पाठ दाखवून आला? जाय वापस!' ते तोंडातून निघेना. काठी हातातून पडली. मी त्याचं मनगट धरलं.

"आला ना बेटा? चाल, आत चाल. भात खाय."

मग जो हशा उसळला! पळपुट्याला भात! शिट्ट्या, टाळ्या, 'वन्स मोर'चा गिल्ला. दुर्गाप्रसाद डोळे पुसत ओरडला, "वा बिसनभाऊ! हे नवीनच काढलं यंदा!"

ढोलकीवाल्याने पुन्हा ठेका धरला. खिशातला फोन गप्पच होता. माझी पकड सुटत नव्हती, रडू आवरत नव्हतं, आणि ते पाहून लोक आणखीच हसत होते.

ओमेश माझ्या कानाशी आला.

"काकाजी, हात सोडा ना. वन्स मोर हाय. मले वापस लढाईवर जा लागते."

मी हात सोडला.