खडूची रेघ आणि मागचं चाक

मी घड्याळाशी शर्यत लावणारी सायकल बोलतेय. इतर शर्यतींत सायकली घोळक्याने धावतात, एकमेकींच्या आड लपतात आणि शेवटी कोपर मारून पुढे घुसतात. आमच्यात तसलं काही नाही. मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेकीला एकटीला सोडतात आणि शेवटी घड्याळ सांगतं कोण किती पाण्यात आहे. मी मूळची काळी, बारीक अंगाची आणि देखणी. मधल्या काळात माझ्या अंगावर जे काय चढलं त्याचीच ही हकिगत आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कारखान्यात माझा सांगाडा भट्टीतून निघाला तेव्हा तपासनीस मला दोन बोटांवर तोलून म्हणाला होता, "पीस आहे पीस!" तेव्हापासून माझं नाक वर आहे. पहिले मालक दातांचे डॉक्टर. मला घेऊन ते एकच शर्यत धावले आणि घरी आले ते कंबर धरून. त्यानंतर माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत पडू लागले. शर्यतीच्या सायकलीवर टॉवेल! त्यापेक्षा गंज परवडला.

डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारा एक कारागीर होता. डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि हा दात आणि हिरड्या घडवून द्यायचा. एकदा कवळ्या द्यायला आला आणि मला टॉवेलांखाली पाहून हळहळला. डॉक्टर म्हणाले, "घेऊन जा बाबा, घरात जागा होईल." तोच माझा आताचा मालक.

मालक माणूस लाख, पण एकदा डोक्यात काही शिरलं की निघायचं नाव नाही. सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून जे काही बाहेर आलेलं दिसेल ते त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं. केबल दिसली, कोंब आत. स्क्रूचं डोकं दिसलं, भर त्यात मेण. दिवसभर बसून कवळ्या घासून सुटलेलं स्वतःचं पोट तेवढं त्याला कधी दिसलं नाही.

कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्याच मसाल्याचं त्याने माझ्यासाठी एक नाक घडवलं. वारा कापायला. कित्येक संध्याकाळी कानशीने घासून गुळगुळीत केलं आणि माझ्या हँडलपुढे बसवलं. शर्यतीच्या मैदानात आम्ही पोचलो तेव्हा एक जण ओरडला, "आली रे हिरडी!" बस्स. त्या दिवसापासून माझं नाव हिरडी. कुठे ते पीस आणि कुठे ही हिरडी!

मसाला संपला तशी मालकाची नजर घरातल्या सामानाकडे वळली. घरात तिघं. मालक, त्याची बायको आणि बायकोची आई. बायको पोहायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत सहज पोचतो. नवशिक्यांनी धरायच्या तिच्या फोमच्या फळ्या मालकाने कापल्या आणि माझ्या सांगाड्यातल्या फटींत बसवल्या.

"पोरांना आता पाण्यात काय तुझी सायकल धरायला देऊ?" तिने विचारलं. शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बंद केला.

सासूबाईंचा आवाज मात्र मऊ. "जावईबापू, माझी शेकायची रबरी पिशवी दिसत नाहीये."

"आई, ती फार चांगल्या कामाला लागलीय," मालक म्हणाला. ती माझ्या बुडाखाली ताणून बसवलेली होती.

आता खडूचं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. नवी वस्तू कामाची आहे की नाही हे ठरवायला मालकाने एक परीक्षा काढली होती. पाण्याच्या टाकीपासून खाली एक वळणाचा उतार येतो आणि पुढे सपाट रस्ता लागतो. दर रविवारी सकाळी मालक टाकीपाशी मला सोडायचा आणि पायडल न मारता खाली यायचा. वेग संपून मी डुगडुगायला लागले की पाय टेकायचा. माझ्या पुढच्या चाकापाशी सासूबाई खडूने रेघ मारायच्या. मग मालक मला ढकलत पुन्हा वर न्यायचा, नवी वस्तू बसवायचा आणि परत खाली यायचा. या वेळी रेघ ओलांडली तर वस्तू पास, नाहीतर नापास. पास झालेली वस्तू माझ्या अंगावर कायमची राहायची.

परीक्षा चोख होती. परीक्षक तेवढ्या चोख नव्हत्या. मालक वळणाआड गेला की सासूबाई घडीच्या स्टुलावरून उठायच्या, इकडेतिकडे पाहायच्या, चपलेने रेघ पुसायच्या आणि चांगली चार पावलं अलीकडे दुसरी काढायच्या. मग पुन्हा स्टुलावर बसून रुमाल हलवायच्या, चेहरा असा की जणू देवळातून आल्यात. मला वरूनही दिसायचं. माझं हँडल वळणाबाहेर डोकावत असायचं ना! पण सांगते कुणाला? मला घंटीसुद्धा नाही. तीही मालकाने वाऱ्यासाठी काढून टाकली होती.

मग काय, रेघ इतकी अलीकडे असली की ओलांडली जाणारच. शाम्पूची अर्धी बाटली पास. डब्याचं झाकण पास. टेबलावरच्या दिव्याची टोपी, तीसुद्धा पास! मालक खूश व्हायचा, सासूबाईंना म्हणायचा, "आई, तुमचा हात शकुनाचा आहे." मी मात्र दर रविवारी थोडी जाड आणि थोडी मंद होत होते, आणि ते हाडाहाडांत कळत होतं.

अपवाद एकाच रविवारचा. सासूबाई पूर्वी कपडे शिवायच्या. त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. त्यांनी बायकोच्या दुकानासाठी एक गोल पाटी रंगवली होती, पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर. मध्ये मोठी कात्री आणि भोवती गोलात अक्षरं, "कपडे दिलेल्या वेळेत शिवून मिळतील." दुकान बंद झालं, यजमान गेले, पाटी सासूबाईंच्या खोलीत भिंतीवर राहिली. एका सकाळी त्या अंघोळीला गेल्या असताना मालक त्या खोलीत काहीतरी शोधायला गेला आणि पाटीसमोर थबकला. पाटी माझ्या मागच्या चाकाच्या रिमपेक्षा बोटभर लहान होती. स्पोकांत वारा घुसळतो, ते झाकले तर सायकल पळते, हे तर त्याला पाठच होतं. त्याने कात्रीच्या बरोबर स्क्रूच्या जागी, चाकाचा आस बाहेर येण्यापुरतं भोक पाडलं आणि पाटी पिशवीत घातली.

पहिल्या फेरीनंतर टाकीपाशी त्याने ती माझ्या डाव्या बाजूला, स्पोकांना पट्ट्यांनी बांधली. आणि काय सांगू! मी निघाले ती तुपातून सुरी जावी तशी. सपाट रस्त्यावर वेग ओसरेचना. दिव्याचा खांब मागे पडला तरी मी चालतेच आहे. इतकी लांब मी कधीच गेले नव्हते. मालकाने पाय टेकला आणि पाहिलं तर रेघ आमच्याही पुढे!

सासूबाईंनी उतारावरून येणारी आपली पाटी लांबूनच ओळखली होती. मालक मान खाली घालून येत होता तेवढ्यात चपलेने पुसलेली रेघ या वेळी अलीकडे नाही, पार पलीकडे गेली होती. त्या नुसत्या चाकाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"नापास," मालक खजील होऊन म्हणाला. "आई, चुकलंच माझं. विचारायला हवं होतं." घरी येऊन त्याने पाटी पुन्हा टांगली. सासूबाईंनी त्या भोकावर आपल्या डब्यातलं एक मोठं बटण टाचलं.

इकडे बायकोच्या फळ्या संपत आल्या होत्या आणि संयमही. एका जेवणात तिने निकाल लावला. "मागच्या वर्षी शर्यतीत याच सायकलवर, काहीही न चिकटवता गेला होतास ना? या वर्षी त्या वेळेच्या आत आलास तर सायकल राहील. नाही आलास तर ती घराबाहेर."

"कबूल!" मालक म्हणाला. माझ्या जिवावर तो उदार झाला आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

शर्यत झाली. नाक, बाटली, टोपी, झाकण, फोम, पिशवी असा सगळा संसार अंगावर घेऊन मी धावले. माझ्या मागून सुटलेले तिघं आम्हाला ओलांडून गेले. तिसरा तर शीळ घालत गेला. मागच्या वर्षीची वेळ केव्हाच टळून गेली होती. घरी येऊन मालकाने मला साबणाने धुतलं, आरशासारखं पुसलं आणि फळीवर लिहिलं, "विकणे आहे." माझ्या सीटवर त्याने जरा वेळ हात ठेवला. मला रडता येत असतं तर साखळी भिजली असती.

गिऱ्हाईक आलं ते एका व्यायामशाळेचे मालक. फितीने मला लांबीरुंदीत मापत म्हणाले, "भिंतीवर उलटी टांगू. खालून रंगीत दिवे सोडू. लोक फोटो काढतील." म्हणजे उरलेलं आयुष्य मी वटवाघळासारखी लटकून लोकांच्या दंडाच्या बेडक्या बघायच्या! टॉवेल परवडले म्हणायची पाळी आली.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "जरा थांबा हो तुम्ही," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "जावईबापू, रेघा मी सरकवत होते."

"कुठल्या रेघा?"

"खडूच्या. तुम्ही वर गेलात की चपलेनं पुसायची आणि दुसरी काढायची."

"कधी?"

"दर रविवारी."

"पण का, आई?"

"का म्हणजे? वस्तू नापास झाली की तुम्ही घरी येऊन कपाटं उघडायचात. पास झाली की आठवडाभर शांतता. मी आपलं घर वाचवत होते. त्यात ही बिचारी सायकल जाईल असं वाटलं नव्हतं."

बायको अशी हसत सुटली की गिऱ्हाइकाच्या हातातली फीत सुटून गुंडाळली गेली. हसू आवरल्यावर ती म्हणाली, "पंचानेच लबाडी केली असेल तर निकाल रद्द. मोसमातली त्याच रस्त्यावरची एक शर्यत अजून बाकी आहे. ती धरू. काका, तुम्ही त्यानंतर या." काका पुन्हा एकदा माझ्याकडे पाहून गेले.

पुढच्या रविवारी खडू सासूबाईंच्याच हातात होता, पण शेजारी लेक पहाऱ्याला उभी. एकेक वस्तू काढून मालक खाली येत राहिला. टोपी काढली, रेघ पुढे. बाटली काढली, आणखी पुढे. शेवटी ते गुलाबी नाक निघालं आणि मी सगळ्यात लांब गेले. माझं अंग हलकं झालं, पण मालकाचा चेहरा बघवेना. नाक मांडीवर घेऊन तो रस्त्याच्या कडेला बसला होता. एवढ्या संध्याकाळी घासलेलं नाक! मला त्याची फार दया आली, इतके दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या तरी.

"म्हणजे मला काहीच जमलं नाही," तो म्हणाला.

"एक जमलं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पाटी काढली. "त्या दिवशी तुम्ही खांबाच्याही पुढे गेला होतात. रागाच्या भरात मी रेघ उचलून पलीकडे ठेवली."

"नको आई. ती बाबांची आहे."

"त्यांचीच आहे, म्हणून देतेय. ही पाटी ह्यांनी मला चिडवायला रंगवली. जन्मात एक कपडा मी वेळेत दिला नाही. ह्यांचा लग्नातला कोट लग्न झाल्यावर शिवून झाला. हे म्हणायचे, आत्ता लिहून ठेवू, खरं मागाहून करू." त्यांनी पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे गेले आणि करायचं राहूनच गेलं. माझ्याच्यानं काही ते वाक्य खरं झालं नाही. तुम्ही बघा प्रयत्न करून."

भोकावरच्या बटणाचा दोरा त्यांनी स्वतः दातांनी तोडला. ते बटण नंतर मालकाच्या शर्यतीच्या शर्टाला गळ्यापाशी लागलं. शर्ट त्यांनीच पोटाला घट्ट बसेल असा आवळून दिला, आणि खोटं कशाला सांगू, शर्यतीच्या सकाळपर्यंत त्यांचं शिवण चालूच होतं.

सुरुवातीच्या रेषेपाशी पंचांनी माझं चाक वाकून वाचलं. "ही जाहिरात आहे का?"

"दुकान बंद आहे," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

मग मी सुटले. त्या धावण्याचं वर्णन करायला गेले तर तुम्ही म्हणाल, हिरडी फुशारक्या मारतेय. एवढंच सांगते, मागच्या चाकातली वाऱ्याची ती नेहमीची कुरकुर बंद होती आणि वर मालकाचा श्वास भात्यासारखा चालला होता. शेवटच्या चढावर त्याचे पाय लटपटले तेव्हा लांबून बायकोचा तलावाचा आवाज आला, "हात मार! पाय मार! काहीतरी मार!" त्याने मारले.

घड्याळवाल्याने वेळ वाचली. मागच्या वर्षीच्या आत. अगदी निसटतं, पण आत. सासूबाईंनी ती वेळ पुन्हा वाचायला लावली, मग कागद स्वतः हातात घेऊन पाहिला. दुसऱ्यांच्या खुणांवर त्यांचा विश्वास नाही, आणि का नाही ते आपल्याला ठाऊक आहे.

व्यायामशाळेचे काका पुन्हा आले नाहीत. ते गुलाबी नाक आता सासूबाई खडू ठेवायला वापरतात. पाटी चाकावरून काढायला मालक तयार नाही आणि ती खोलीबाहेर ठेवायला सासूबाई तयार नाहीत, म्हणून मी सध्या त्यांच्याच खोलीत असते, पाटी टांगायची त्या भिंतीला टेकून. आता रविवार आला की मलाच हुरूप येतो. तुमच्या घरात कुणी वाऱ्याच्या मागे लागलेलं असेल, तर त्याला एवढंच सांगा, ज्याचं सामान कापायचं त्याच्या हाती खडू देऊ नये.

आम्ही फिरून आलो की चाक कुठेतरी अर्धवट थांबलेलं असतं आणि पाटीवरची कात्री डोक्यावर उभी असते. सासूबाई येतात, चाक हलकेच फिरवून कात्री सरळ करतात आणि रुमालाने धूळ पुसतात. मग हळूच म्हणतात, "बघा हो, मिळालं वेळेत." ते मला नसतं.