नवरदेवाच्या बंडीची भोकं

आमच्या बेझिए गावात शिंप्यांना तोटा नाही, पण नाडीची भोकं करून घ्यायला सगळे माझ्याच दारात येतात. पुरुषांची विजार बंडीला नाड्यांनी बांधलेली असते. भोक फाटलं की भर बाजारात इज्जत पायात! म्हणून मी भोकाला कधी कात्री लावत नाही. आरीचं टोक हळूहळू फिरवत आत घालायचं, म्हणजे धागे तुटत नाहीत, नुसते बाजूला सरकतात. मग मेण लावलेल्या दोऱ्याने कडेकडेने टाके घालायचे आणि दर टाका असा ओढायचा की बोट कापलं पाहिजे.

गिरोदच्या लग्नाच्या बंडीला मी निळ्या दोऱ्याने भोकं केली होती, अगदी जीव ओतून. का नाही करणार? नवरी आमची दाल्फिना. बहीण गेली तेव्हापासून मीच वाढवलेली पोर. गिरोदचं नाव निघालं की सुई हातातच विसरायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते, तोच गिरोद धापा टाकत घरात शिरला. बंडी उघडी, एकही नाडी ओवलेली नाही, आणि दोन्ही हातांनी विजार वर धरलेली.

"मावशी, ही भोकं बुजवा!"

"का रे? वाकडी झाली?"

"सुरेख आहेत हो. पण बुजवा. एस्तेव काल गुत्त्यात सगळ्यांसमोर बोललाय, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला की तो नाडीला गाठ मारणार!"

एस्तेव म्हणजे पिंपं करणारा. दाल्फिनाने त्याला नाही म्हटलं तेव्हापासून त्याच्या अंगाचा तिळपापड. आणि गाठीचं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लग्न लागताना वैऱ्याने हातातल्या नाडीला गाठ मारली की ती नवरदेवाच्या नाडीला बसते, आणि तो कामातून गेला. रात्री नवरीशेजारी ओंडक्यासारखा पडून राहतो.

"माझ्या अंगावर नाडीच नसली तर गाठ बसणार कुठे?" गिरोद म्हणाला.

मला हसू फुटलं. दोर वळून पोट भरणारा माणूस, आणि भीती कसली, तर गाठीची! पण तो हसला नाही. "नाहीतर मी चर्चमध्ये येत नाही, मावशी. खरंच सांगतो."

तेव्हा मात्र माझं हसू पळालं. बाहेर पाहुणे जमू लागले होते. मी एका भोकाचे टाके उसवले, थुंकी लावली, नखाने घासलं. धागे तुटलेले नव्हतेच, भोक आपोआप मिटलं. एवढी मेहनत, एका क्षणात नाहीशी! राग असा आला म्हणता!

"बघा, जमतंय की!" गिरोद खूश. "आता विजार बंडीला शिवून टाका."

"शिवून टाका?" दाल्फिना अर्धी वेणी धरून उठली. "आणि मुतायला कसा जाशील रे? मावशीला बरोबर नेणार?"

गिरोद लालबुंद झाला. "थट्टा नको, दाल्फिना. मला भीती वाटते गं. उद्या गाव तुला हसेल, ते मला बघवणार नाही."

हे ऐकलं आणि पोरीचा चेहराच बदलला. तिने टोपलीतून एक नाडी उचलली, बंडीच्या दोन्ही कडा पोटावर जुळवल्या, पुढच्या भोकांतून नाडी घालून विजारीतून ओढली आणि गाठ मारली. वर दात लावून अशी आवळली की गिरोद कळवळला.

"ही माझी गाठ. एका नवऱ्याला एकच गाठ लागते. आता एस्तेवने जहाजाचा दोर आणला तरी तुला काही होत नाही."

गिरोद माझ्याकडे वळला. "असं असतं, मावशी?"

मी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. कार्टीने आत्ता उभ्या उभ्या रचलं होतं. "असतं तर!" मी ठोकून दिलं. "माझ्या आजीने आजोबांना अशीच बांधली होती. घर भरून पोरं झाली!"

बाकीच्या नाड्या मीच भराभर बांधल्या.

चर्चमध्ये एस्तेवने खरंच हात वर करून, सगळ्यांना दिसेल अशी एका नाडीला गाठ मारली. गिरोदने पोटावर थाप मारली आणि त्याला डोळा घातला! लोक खो-खो हसले, एस्तेव तोंड पाडून बसला.

पण माझी काळजी मिटली नव्हती. दिवसाढवळ्या, चार लोकांत कुणीही शूर होतो. रात्री धीर सुटला तर? मग म्हणणार दाल्फिनाच्याच गाठीने केलं, मावशीनेच थाप मारली. पोरीचा संसार पहिल्याच दिवशी मोडायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे आम्ही बायका लसणाचं सूप घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. दार वाजवलं. आतून सामसूम. पुन्हा वाजवलं. बायकांची कुजबुज सुरू झाली, तशी मी हातातली हंडी सांभाळत दाराला कान लावला.

दार उघडलं. गिरोद कमरेला दाल्फिनाची शाल गुंडाळून उभा, हातात बंडी. पुढची भोकं कापडासकट फाटलेली, निळे दोरे लोंबत होते. गाठ मात्र जशीच्या तशी.

"मावशी, रागावू नका," तो मान खाली घालून पुटपुटला. "दोर वळतो मी, तरी सुटेना. दात लावले, तरी सुटेना. मग... दम निघेना हो."

आतून दाल्फिनाचं हसणं ऐकू आलं.

माझ्या हातचं भोक कधी कुणाच्या अंगावर फाटलं नव्हतं, दारूच्या मारामारीतसुद्धा नाही. मी हंडी शेजारणीच्या हातात कोंबली, बंडी ओढून घेतली.

"फाडलीस? शाबास रे माझ्या वाघा!" म्हणाले, आणि त्या चिंध्यांत तोंड खुपसून सगळ्या बायकांसमोर ढसाढसा रडले.