नवव्या रकान्याची कबुली

मी एका वहीतला नऊ नंबरचा रकाना बोलतोय. माझ्या डोक्यावर नाव लिहिलंय, 'इतर'. माझ्याआधीच्या आठ जणांना धड नावं आहेत: पाणी, बियाणं, भाव, वाहतूक, वीज, रानडुकरं, दवाखाना, शाळा. मी सगळ्यांच्या शेवटी, समासाला चिकटून. पण माझ्या हातून जे पाप घडलं, ते त्या आठांपैकी कुणाच्या हातून घडलं नाही. म्हणून बोलायची वेळ माझ्यावर आली.

माझा जन्म बोरगाव मेघेतल्या एका भाड्याच्या खोलीतला. तिथं एका छोट्या संस्थेचं ऑफिस आहे. संस्थेनं आर्वीकडच्या एका आठवडी बाजारात बसणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या बायकांकडून पत्रं मागवली होती. 'बाजारात तुमची अडचण काय, ते लिहा.' दोनशे चाळीस पत्रं आली. ज्या अडचणीची पत्रं जास्त, तिच्यावर संस्था काम करणार होती.

संस्थेचे प्रमुख मनोहरराव, निवृत्त शिक्षक. पत्रं वाचून कुठलं कशाबद्दल आहे ते ठरवता यावं, म्हणून त्यांनी पट्टी घेऊन आम्हाला आखलं आणि दोन नियम घातले. पत्रात लिहिलंय तेवढंच धरायचं, मनचं काही घालायचं नाही. आणि दोघांनी वेगवेगळं वाचून नंबर द्यायचे. त्यातले शंभरात ऐंशी तरी जुळले पाहिजेत. माणूस काटेकोर, पण मनानं चांगला. त्यांच्यावर मी काही ढकलणार नाही.

वाचणारे दोघं, मंजुषा आणि शुभम. पंचविशीच्या आतले, टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे. पहिल्या खेपेला शंभरात एकाहत्तरच जुळले. घोडं अडलं ते काही पत्रांपाशी. 'बाजाराच्या दिवशी सकाळपासून काही पीत नाही.' 'दुपारनंतर बसवत नाही, पोट दुखते.' 'नाल्याकडे जावं तर तिथे आता घरं झाली.' शुभमनं अशी पत्रं पाण्यात टाकली होती, मंजुषानं दवाखान्यात.

"काही पेत नाई म्हणते, म्हंजे पाणी नसन तिथं," शुभम म्हणाला. "तू दवाखान्यात काऊन टाकून राह्यली?"

मंजुषानं हातातलं पत्र उलटं ठेवलं. तिला सगळं कळलं होतं. लहानपणी ती त्याच बाजारात आपल्या आत्याजवळ, आनंदाबाईजवळ, वांग्यांच्या ढिगामागं बसली होती. त्या बाजारात बायकांना लघवीला जायला आडोसा नव्हता. पण पत्रं बहुतेक मुलांनी नाहीतर नातवांनी लिहून दिलेली. आईनं सांगायचं, पोरानं लिहायचं. पोराला किती उघड सांगणार? बायकांनी तो शब्द गिळला होता. आता मंजुषाच्या समोर शुभम बसलेला. तिचे कान लाल झाले आणि तिनंही तो गिळला.

"नऊमधी टाक," ती म्हणाली. "जे जुळत नाई, ते सारं नऊमधी."

आणि मला आनंद झाला! लाज वाटते सांगताना, पण झाला. इतके दिवस मी जवळपास रिकामा होतो. त्या एका दुपारी एकतीस पत्रं माझ्यात आली आणि मी फुगून बसलो. जुळणी चौऱ्याऐंशीवर गेली. मनोहररावांनी खूश होऊन दोघांना आलूबोंडे खाऊ घातले. ज्या पत्रांत 'पाणी' हा शब्दच होता, ती दोघांनीही आधीच एक नंबरात टाकली होती. त्यामुळे पाणी पहिलं आलं. अहवालात माझ्या वाट्याला एक ओळ आली, 'इतर किरकोळ अडचणी'.

संस्थेनं बाजारात थंड पाण्याची टाकी बसवली. चार नळ, खाली फरशी. उद्घाटनाला मंजुषा गेली आणि पहिला ग्लास आत्याला नेऊन दिला. हे सगळं पुढं ऑफिसात तिनंच सांगितलं, तेव्हा मी उघडा पडलो होतो.

"नको माय," आनंदाबाई म्हणाली. "मले सांजवरी बसाचं हाये." तिनं ते पाणी कोथिंबिरीच्या जुड्यांवर शिंपडलं. "डाक्टर म्हनते, पाणी पेत जा, नाई तं किडनी जाईन. मी म्हनलं, बाजाराचा दिवस सोडून पेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषानं वही उघडली. माझ्यातलं एकेक पत्र पुन्हा वाचलं, पट्टी घेतली आणि माझ्या शेजारी समासातच दहावा रकाना आखला. मग वही मनोहररावांसमोर ठेवली. शुभम तिथंच होता.

"सर, बाजारात बायकायले लघवीले जागा नाई. हे एकतीस पत्रं त्याचेच हायेत."

मनोहररावांनी पत्रं चाळली. "हे कुठी लिहिलं हाये?"

"कुठीच नाई, सर. त्यायच्यानं लिहिनं झालं नाई. अन मले समजलं होतं, तं माह्याच्यानं बोलनं झालं नाई."

मनोहररावांनी ती पत्रं पुन्हा एकदा वाचली. मग मनोहररावांनी पेन उघडलं आणि दहाव्या रकान्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'बायकांची मुतारी'. निधी टाकीत संपला होता. पुढच्या वर्षी पहिलं काम हेच, असा शब्द त्यांनी दिला.

माझ्यातली एकतीस पत्रं गेली, सात उरली. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत नाही. बाबांनो, माणसांचं म्हणणं मोजायला बसाल तेव्हा माझ्यासारखा एखादा रकाना तुम्हालाही आखावा लागेल. जरूर आखा. पण त्याच्यात काही टाकण्याआधी जिनं ते लिहिलं, तिला एकदा जाऊन विचारा. मी कुणालाच नाही म्हणत नाही, हाच माझा दोष आहे.

तो शब्द दिल्यापासून वर्षभरात बावन्न बाजार. आनंदाबाई त्यातला एकही चुकवणार नाही. आज एकोणिसावा आहे.